लवादाचा निवाडा हातात आला, पैसे कधी येणार? कोकणातल्या नव्या ठेकेदारांसाठी वसुलीची वाट

कोकणात छोटा ठेकेदार म्हणून काम करायला लागलं की पहिल्या दोन पावसाळ्यांतच एक गोष्ट कळते. काम मिळवणं सोपं, काम करणं जमण्यासारखं, पण शेवटचं बिल हातात पडणं हे वेगळंच खातं. मग नोटिसा जातात, लवाद नेमला जातो, सुनावण्या होतात आणि एक दिवस निवाडा येतो: अमुक रक्कम, अमुक व्याज, अमुक खर्च. पेढे वाटले जातात. आणि समोरचा जागचा हलत नाही.

हा लेख त्या पेढ्यांनंतरच्या दिवसापासून सुरू होतो. पोटठेकेदार, जलवाहिनीचं किंवा जेटीचं काम घेणारे, चिरा-वाळू-डंपर पुरवणारे, नुकतीच फर्म काढलेले तरुण इंजिनिअर यांच्यासाठी तो आहे. दरखास्त, म्हणजे निवाड्याची रक्कम वसूल करून देण्याचा अर्ज, कोर्टात उभी राहते तेव्हा नेमकं काय होतं, हे आधीच माहीत असेल तर पुष्कळ खेपा वाचतात. वकील तुम्हाला लागेलच, पण वकिलाला काय विचारायचं आणि त्याच्या हातात काय द्यायचं, हे तुमचं काम आहे.

आधी बघा, हातातला कागद आहे तरी कोणता

नव्या माणसाची सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते. ‘निर्णय माझ्या बाजूने लागला’ असं सांगत लोक येतात. निर्णय कुणाचा, कोणत्या कलमाखाली, हे विचारलं की गडबड होते. कोर्टातून थेट वसूल होईल असा कागद आणि नुसता मजबूत पुरावा ठरेल असा कागद, हे दोन वेगळे प्रकार आहेत.

लवाद आणि समेट कायदा, १९९६ याखाली नेमलेल्या लवादाने दिलेला निवाडा हा पहिल्या प्रकारचा. कलम ३६ सांगतं की तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच अमलात आणायचा. याच कायद्याखाली रीतसर समेट होऊन सह्या झालेला करार असेल, तर कलम ७४ प्रमाणे त्यालाही निवाड्याइतकंच वजन मिळतं. लोकअदालतीत तडजोड झाली असेल तर तीही हुकूमनाम्यासारखीच, आणि तिच्यावर अपीलही नाही. मात्र हॉटेलात बसून स्टॅम्पपेपरवर केलेली ‘आपसातली’ तडजोड यांपैकी कशातच बसत नाही. तो नुसता करार. मोडला तर पुन्हा दावा.

आता दुसरा प्रकार. मोठ्या कामांच्या करारांत, विशेषतः परदेशी कर्जातून होणाऱ्या कामांत, फिडिकच्या, म्हणजे अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नमुना कराराच्या, धर्तीची कलमं असतात. वाद आधी तज्ज्ञांच्या अॅडज्युडिकेशन बोर्डाकडे, म्हणजे लवादाआधी वादावर निर्णय देणाऱ्या मंडळाकडे, जातो. फिडिकच्या १९९९ च्या आवृत्तीत बोर्डाने ८४ दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि तो मान्य नसलेल्याने २८ दिवसांत नापसंतीची नोटीस द्यायची असते. नोटीस गेली नाही तर निर्णय अंतिम. नोटीस गेली तरी तो बदलेपर्यंत पाळायचाच, असं करार म्हणतो.

पण समोरच्याने पाळला नाही तर? इंग्लंडमध्ये याचं उत्तर सरळ आहे. तिथे १९९६ च्या कायद्याने बांधकाम करारातल्या पक्षकाराला कधीही अॅडज्युडिकेशनला जायचा हक्क दिला, साधारण २८ दिवसांत निर्णय यावा अशी मुदत घातली, आणि १९९९ साली मॅकॉब विरुद्ध मॉरिसन या खटल्यापासून तिथलं बांधकामविषयक कोर्ट असा निर्णय झटपट अमलात आणत आलं आहे. निर्णय चुकीचा आहे ही तक्रार सहसा चालत नाही. निर्णय देणाऱ्याला अधिकारच नव्हता, किंवा एका बाजूला म्हणणं मांडू दिलं नाही, एवढंच ऐकून घेतात. आधी पैसे दे, मग भांड, असा तिथला शिरस्ता.

आपल्याकडे असा कायदा नाही. त्यामुळे बोर्डाचा निर्णय हातात घेऊन ओरोसच्या किंवा अलिबागच्या कोर्टात दरखास्त लावता येत नाही. तो पाळला नाही म्हणून लवादापुढे जायचं आणि निवाडा मिळवायचा. वेळ लागतो, पण लवादापुढे कलम १७ खाली तातडीचा आदेश मागता येतो. बोर्डाचा निर्णय अंतिम झालेला असेल, तर त्याच्या गुणदोषांत पुन्हा कशाला शिरायचं, हा युक्तिवादही तिथे जोरात करता येतो.

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ या छापील ठेका करारातल्या कलम ३० बद्दल तर गावोगावी गैरसमज आहे. त्यात अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम आणि बंधनकारक म्हटलेला असतो. म्हणून साहेब म्हणजेच लवाद, असं लोक धरून चालतात. तसं नाही. खात्याच्याच अधिकाऱ्याला असा अंतिम निर्णय द्यायचा अधिकार देणारं कलम म्हणजे लवादाचा करार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या अशाच एका कलमाबाबत स्पष्ट केलं आहे. साहेबांनी तुमचा एक्स्ट्रा आयटम मान्य केल्याचं पत्र असेल तर ते जपून ठेवा, कारण दाव्यात ते सोन्यासारखं आहे. पण त्यावर जप्ती निघत नाही. तिथे दिवाणी दावाच लावावा लागतो. त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यायची आणि मुदतीकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं. केलेल्या कामाच्या पैशांसाठी ती साधारण तीन वर्षांची असते, आणि नुसता पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही.

आणखी एक फाटा. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या पुरवठादाराला २००६ च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्याची सुविधा परिषद उपलब्ध आहे, आणि तो कायदा दणकट आहे. ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. परिषदेकडून मिळालेल्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर कलम १९ प्रमाणे आधी ७५ टक्के रक्कम भरायची. ऐकून हुरळून जाऊ नका. माल आणि मजुरी एकत्र असलेला वर्क्स कॉन्ट्रॅक्ट या कायद्यात बसत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत घेतली आहे. नुसता चिरा, सिमेंट, पाइप पुरवला असेल तर परिषदेचा दरवाजा ठोठावा. बांधून दिलं असेल तर आधी वकिलाशी बोला, नाहीतर वर्षभराने सगळं मुळापासून सुरू करायची पाळी येते.

यापुढचं सगळं लवादाचा निवाडा हातात आहे असं धरून.

निवाडा मिळाल्याच्या पहिल्या आठवड्यात

निवाड्याची सही असलेली प्रत दोन्ही बाजूंना मिळाली पाहिजे, झेरॉक्स नव्हे. समोरच्याला ती कोणत्या तारखेला मिळाली याचा पुरावा आत्ताच मिळवून ठेवा: लवादाच्या ई-मेलची नोंद, पोस्टाची पोच, रोजनाम्यातली सही. पुढची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. समोर सरकारी खातं किंवा मोठी कंपनी असेल, तर आवक बारनिशीत शिक्का पडला म्हणजे झालं असं समजू नका. ज्याला त्या प्रकरणाबद्दल निर्णय घेता येतो त्या अधिकाऱ्याच्या हातात प्रत पडली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रेल्वेच्या एका प्रकरणात म्हटलं आहे. कार्यकारी अभियंत्याच्या नावानेच पोच घ्या.

निवाडा शांतपणे वाचा. बेरीज चुकली आहे का, व्याज कोणत्या तारखेपासून ते लिहायचं राहिलं आहे का? हिशेबाची किंवा टंकलेखनाची चूक ३० दिवसांत लवादाकडूनच दुरुस्त करून घेता येते. नंतर दरखास्तीत कोर्ट ती दुरुस्त करत बसणार नाही. कोर्टाला निवाड्याच्या मागे जाता येत नाही, हा नियम तुमच्या फायद्याचा आहे, पण चुकीची बेरीजही त्याच नियमाने तुमच्या गळ्यात राहते.

मुद्रांक शुल्क भरलं आहे का तेही बघा. निवाड्यावर ते लागतं, आणि ऋणकोचा, म्हणजे पैसे देणं असलेल्या समोरच्याचा, वकील नेमका दरखास्तीच्या वेळी हा मुद्दा काढतो. दंडासकट भरायची वेळ येते आणि दोन-तीन तारखा हकनाक जातात.

तीन महिने नुसते बसून काढू नका

लवाद कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे निवाडा रद्द करण्याचा अर्ज करायला समोरच्याला तीन महिने मिळतात. सबळ कारण दाखवलं तर कोर्ट आणखी ३० दिवस देऊ शकतं. त्यापुढे एक दिवसही नाही. हे तीन महिने संपेपर्यंत तुमची दरखास्त लागत नाही.

पण समोरच्याला मालमत्ता हलवायलाही हेच तीन महिने पुरतात. डंपर मेहुण्याच्या नावावर जातो, रस्त्याकडेचा प्लॉट विकला जातो, खातं दुसऱ्या बँकेत उघडलं जातं. अशी चाहूल लागली तर कलम ९ खाली कोर्टात जा. निवाडा झाल्यानंतर आणि तो अमलात येण्याआधी, या मधल्या काळातही ते कलम वापरता येतं, आणि कोर्ट मालमत्ता विकण्याला मनाई करू शकतं किंवा तारण द्यायला सांगू शकतं. ‘तो विकेल असं वाटतं’ एवढ्यावर काम होत नाही. ओएलएक्सवरची पोकलेनची जाहिरात, नव्या खरेदीखताची इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयाचा उतारा), गहाणखताची नोंद, असं काहीतरी ठोस हातात असू द्या.

त्याच बरोबर कॅव्हेट दाखल करून ठेवा, म्हणजे तुमचं ऐकल्याशिवाय स्थगिती मिळत नाही. कॅव्हेट ९० दिवस टिकतं, नंतर नवं टाकावं लागतं.

समोरच्याने अर्ज केलाच तर घाबरून जायचं कारण उरलेलं नाही. २०१५ आधी नुसता अर्ज दाखल झाला की वसुली आपोआप थांबायची, आणि कित्येक ठेकेदारांची वर्षं त्यातच गेली. २३ ऑक्टोबर २०१५ पासून तसं नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, कोर्टाला कारणं लिहावी लागतात आणि अटी घालता येतात. पैशाच्या निवाड्यात ती अट म्हणजे बहुतेकदा रक्कम कोर्टात जमा करणं किंवा बँक गॅरंटी देणं. २०१९ मध्ये सरकारने जुनी पद्धत मागच्या दाराने आणू बघितली, ती हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. निवाडा लाचलुचपतीने किंवा फसवणुकीने मिळवल्याचं सकृद्दर्शनी दिसलं तरच विनाअट स्थगिती, हे २०२१ च्या दुरुस्तीत आलं.

आणि समोर सरकार असलं तर? ‘सरकार आहे, पैसे कुठे पळून जाणार’ असं म्हणून सरकारला वेगळी सवलत देता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पॅम डेव्हलपमेंट्सच्या खटल्यात २०१९ साली सांगून ठेवलं आहे. तुमच्या वकिलाला ही दोन नावं माहीत असतील. नसतील तर तुम्ही सांगा.

पैसा कुठे आहे ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. खरं तर निवाड्याची वाट न बघता, लवाद चालू असतानाच हे काम सुरू करायला हवं. कोर्ट जप्तीचा आदेश देतं, पण काय जप्त करायचं याची यादी तुम्हीच द्यायची असते. ‘ऋणकोची सर्व मालमत्ता’ असं लिहिलेली दरखास्त म्हणजे बेलिफची (जप्ती बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याची) एक फुकट फेरी.

पोटठेकेदारांसाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे मुख्य ठेकेदाराची न मिळालेली बिलं. समजा कुडाळकडच्या एका पुलाचं काम मुख्य ठेकेदाराने घेतलं होतं, भराव आणि पिचिंग तुम्ही केलं, आणि १८ लाखांचा निवाडा तुमच्या बाजूने आहे. त्याच ठेकेदाराची दुसऱ्या कामाची रनिंग बिलं, अनामत रक्कम, दोषदायित्व काळाची रोखून ठेवलेली रक्कम कुठल्या तरी विभागाकडे पडून असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ नियम ४६-अ प्रमाणे तिसऱ्याकडून ऋणकोला येणं असलेली रक्कम कोर्ट परस्पर वळवू शकतं. सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यात ऋणकोचे पैसे असतील तर नियम ५२ ची नोटीस आहेच. कामाचं नाव, करार क्रमांक, विभागाचं कार्यालय, बिलाची अंदाजे रक्कम एवढं दिलंत की काम वेगाने होतं. ही माहिती निविदांच्या संकेतस्थळावर, माहिती अधिकारात, आणि खरं सांगायचं तर साइटवरच्या सुपरवायझरच्या गप्पांत मिळते.

बँक खात्यांची माहिती तुमच्याजवळच असते. त्याने पूर्वी दिलेले चेक, आरटीजीएसच्या नोंदी, जीएसटी बिलावर छापलेला खाते क्रमांक. हे सगळं जपा. कर्ज-खात्यावर किंवा ओव्हरड्राफ्टवर मात्र फारसं हाती लागत नाही, कारण तो पैसा बँकेचा.

वाहनं आणि यंत्रं: आरटीओची नोंद, बोजा कुणाचा ते बघा. बहुतेक पोकलेन फायनान्सच्या असतात, तिथे फायनान्स कंपनी आधी उभी राहते. कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिच्या मालमत्तेवरचे बोजे दिसतात.

जमिनीबद्दल कोकणात खूप भाबडेपणा आहे. सातबारावर ऋणकोचं नाव दिसलं की लोकांना वाटतं, झालं. त्या सातबारावर आणखी तीसेक नावं असतात, त्यातली अर्धी मुंबईला, काही वारलेली आणि वारस नोंद नाही. अशा सामाईक जमिनीतला फक्त ऋणकोचा हिस्सा जप्त होतो, आणि लिलावात घेणाऱ्याला पुढे वाटपाचा दावा लावावा लागतो. मग बोली कोण लावणार? शिवाय शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही, हे कूळकायद्याचं कलम ६३ कोर्टाच्या लिलावालाही लागू आहे. ऋणको स्वतः शेतकरी असल्याचं म्हणू लागला तर राहतं घर जप्तीतून सुटतं. पण त्यासाठी उपजीविका मुख्यतः स्वतः कसलेल्या शेतीवर असावी लागते. आंब्याची दहा कलमं आणि तीन डंपर असलेला माणूस तसा शेतकरी ठरत नाही, आणि हे दाखवायला त्याची जीएसटी विवरणं पुरेशी असतात.

म्हणून जमिनीत जायचं तर एकट्याच्या नावाचा बिगरशेती प्लॉट, फ्लॅट किंवा गाळा शोधा. जप्ती झाल्यावर तिची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत किंवा मिळकत पत्रिकेवर तलाठ्याकडून, भूमी अभिलेख कार्यालयातून करून घ्या. जप्तीनंतर ऋणकोने केलेली विक्री तुमच्या हक्काविरुद्ध टिकत नाही, तरी नोंद असली की गिऱ्हाईक मुळात जवळच येत नाही.

दरखास्त कुठे आणि कशी लावायची

बांधकामाचा करार आणि रक्कम तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल तर प्रकरण २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याखाली येतं. त्याहून कमी असेल तर जिल्ह्याच्या मुख्य दिवाणी न्यायालयात. जिल्हा न्यायालयं आहेत अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गनगरी म्हणजे ओरोसला. नेमकं कोणत्या न्यायाधीशांकडे हे काम आहे ते फायलिंगच्या खिडकीवर विचारून घ्या, कारण ते बदलत असतं.

लवाद मुंबईत बसला होता म्हणून दरखास्तही मुंबईतच, असं नाही. ऋणकोची मालमत्ता जिथे असेल त्या कोर्टात ती थेट लावता येते, आधीच्या कोर्टातून वर्ग करून आणायची गरज नाही. सुंदरम फायनान्सच्या २०१८ च्या निकालाने हे मिटवलं. ठेकेदार पनवेलचा, पण पैसे रत्नागिरीच्या विभागाकडे अडकलेले, तर सरळ रत्नागिरीला या. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू आहे. रायगडची वाट अजून मुंबईचीच. घाट चढून कोल्हापूरला जाणं सावंतवाडीच्या माणसाला किती सोयीचं, हे आंबोलीत पावसाळ्यात दरड कोसळली की विचारावं, पण मुंबईपेक्षा बरं.

दरखास्तीचा मजकूर आदेश २१ नियम ११ मध्ये ठरलेला आहे: निवाड्याची तारीख, पक्षकार, रक्कम, व्याज, आतापर्यंत आलेले पैसे, कोणत्या मार्गाने वसुली हवी. सोबत निवाड्याची मूळ किंवा प्रमाणित प्रत, समोरच्याला प्रत मिळाल्याचा पुरावा, कलम ३४ खाली अर्ज झाला आहे का आणि स्थगिती आहे का याबद्दलचं प्रतिज्ञापत्र, आणि मालमत्तेची यादी.

व्याजाचा तक्ता नीट करा. वरच्या १८ लाखांवर निवाड्यात १८ टक्के सरळव्याज असेल तर वर्षाला ३,२४,००० होतात, महिन्याला २७,०००. निवाड्यात पुढच्या व्याजाबद्दल काहीच नसेल, तरी कलम ३१(७) प्रमाणे निवाड्याच्या तारखेच्या चालू दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याज मिळतं. अधेमधे आलेली रक्कम वेगळं काही ठरलं नसेल तर आधी व्याजात आणि खर्चात वळती होते, मग मुद्दलात. ऋणको नेहमी उलटा हिशेब मांडतो.

दरखास्तीची मुदत १२ वर्षांची आहे. पण १२ वर्षं आहेत म्हणून वाट बघणारा माणूस शेवटी रिकाम्या खात्यावर जप्ती आणतो.

समोर राज्य किंवा केंद्र सरकार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८२ लक्षात घ्या. निवाड्याच्या तारखेपासून तीन महिने पैसे दिले नाहीत, तरच वसुलीचा हुकूम निघतो. केंद्राच्या खात्यांसाठी आणखी एक वाट आहे. निवाड्याला आव्हान दिलं तरी ७५ टक्के रक्कम बँक गॅरंटी घेऊन ठेकेदाराला द्यावी, असं केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने २०१६ मध्ये ठरवलं, आणि पुढे ते वित्तीय नियमांतही आलं. महामार्गाच्या कामातला निवाडा असेल तर आधी त्या नियमाचा हवाला देऊन पत्र द्या.

कोर्टाच्या आवारात

दरखास्त नोंदली की नोटीस निघते. ऋणको हजर झाला की पहिली मागणी करायची ती आदेश २१ च्या नियम ४१ ची: स्वतःची सगळी मालमत्ता शपथेवर जाहीर कर. याला लोक कमी लेखतात. प्रतिज्ञापत्र दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, आणि खोटं दिलं तर तो स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो.

मग जप्ती वॉरंट. ते नाझर खात्यातून, म्हणजे नोटिसा-वॉरंटं बजावणाऱ्या कोर्टाच्या शाखेतून, बेलिफकडे जातं. प्रोसेस फी आणि भत्ता वेळेत भरा आणि पावती घ्या. तारखेला बेलिफबरोबर स्वतः जा किंवा माहीतगार माणूस पाठवा, कारण ‘मालमत्ता दाखवणारा कोणी नव्हता’ हा शेरा पडून वॉरंट परत येणं ही कोकणातली अगदी ठरलेली गोष्ट आहे. मुंबईत राहणारा ऋणको गावात केव्हा भेटेल? गणपतीत आणि शिमग्याला. नोटीस बजावणी त्या बेताने मागा. मात्र सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात शिरता येत नाही, त्यामुळे आरतीच्या वेळेचा भरवसा धरू नका.

सरकारी कार्यालयातल्या खुर्च्या, संगणक, साहेबांची गाडी जप्त झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्याने फोटो छान येतो आणि कधी कधी चेकही लगेच निघतो. पण आधी कोषागारातून किंवा विभागाच्या खात्यातून रक्कम मागण्याचा अर्ज करा. उद्या त्याच साहेबांकडून पुढच्या बिलावर सही घ्यायची असते.

अटकेची मागणी शेवटची ठेवा. ऐपत असून पैसे देत नाही, किंवा मालमत्ता दडवली, हे दाखवलं तरच कोर्ट ऐकतं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक होत नाही. कैदेतल्या ऋणकोचा भत्ताही तुम्हालाच भरावा लागतो.

हरकती येतील. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४७ खाली ‘हा निवाडाच बेकायदा’ असा अर्ज येईल, भाऊ म्हणेल डंपर माझा, बायको म्हणेल गाळा माझा. प्रत्येक हरकतीवर लेखी म्हणणं पुढच्याच तारखेला द्या, मुदत मागू नका. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असं सर्वोच्च न्यायालयाने राहुल शहा खटल्यात २०२१ मध्ये सांगितलं. तरीही २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मागवलेल्या आकडेवारीत देशभर आठ लाखांहून अधिक दरखास्ती पडून होत्या आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा निघाला. तरी प्रत्येक तहकुबीच्या अर्जाला विरोध करताना त्या निकालाचा हवाला द्या. रोजनाम्यात तो विरोध नोंदला गेला पाहिजे.

समोरची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तर दरखास्त जागच्या जागी थांबते. मग रागाने कोर्टात खेटे घालू नका. ती प्रक्रिया चालवायला नेमलेल्या व्यावसायिकाकडे मुदतीत दावा नोंदवा, तिथे उशीर झाला तर हातात काहीच उरत नाही. ई-कोर्ट्सच्या अॅपवर प्रकरणाची तारीख दिसते, तसंच कंपनीचं नाव अधूनमधून राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या यादीत शोधत जा.

तडजोडीचा फोन येतोच

पहिलं वॉरंट निघालं किंवा विभागाने बिल रोखलं की फोन येतो. ‘भाऊ, कोर्टात कशाला, बसून मिटवूया.’ बसा, जरूर बसा. मुद्दल पूर्ण आणि व्याजात थोडी सूट, हा माझ्या मते वाजवी सौदा, कारण लिलावापर्यंतचा रस्ता लांब आहे. पण हप्ते ठरले तर ते कोर्टात पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन नोंदवा, आणि हप्ता चुकला तर पूर्ण रक्कम वसूल करता येईल असं त्यात स्पष्ट लिहा. हप्ते पूर्ण होईपर्यंत जप्ती उठवू नका. ‘आधी बिल मोकळं कर, मग देतो’ हे ऐकून सोडलेलं बिल पुन्हा हाती येत नाही. ते आलं की कोर्टातूनच तुमचा हिस्सा वळवून घ्या आणि उरलेलं त्याला जाऊ द्या.

कोर्टाबाहेर मिळालेले पैसेही दरखास्तीत नोंदवायचे असतात. नोंद नसलेली रक्कम दरखास्त कोर्ट हिशेबात धरत नाही, त्यामुळे ऋणको त्याबद्दल आग्रही असतो, आणि तुम्हीही असावं. नाहीतर पुढे खोटी रक्कम मागितल्याचा ठपका येतो. पूर्ण पैसे आले की भरपाईची पुरसीस द्या, सातबारावरची किंवा मिळकत पत्रिकेवरची जप्तीची नोंद उठवण्याचं पत्र कोर्टातून काढून द्या, आणि कोर्टात तुम्ही काही बँक गॅरंटी दिली असेल तर ती परत घ्यायचा अर्ज त्याच दिवशी करा, कारण तिचं कमिशन दर तिमाहीला तुमच्या खात्यातून कापलं जात असतं.